डावीकडे झुकलेला तारा

दोन्ही फळ्यांवर ताऱ्याची पांढरी पट्टी डावीकडेच झुकली होती. भाचीने पुन्हा पाहिलं. दुसऱ्या फळीवर ती उजवीकडे झुकायला हवी होती.

फळ्यांवर चिनी मातीचे हजारेक तुकडे पालथे मांडले होते, रंगीत बाजू खाली. पाठीवर प्लास्टर ओतायचं, घट्ट झालं की उलटायचं आणि मशिदीत मिहराबच्या, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या, दोन बाजूंना बसवायचं. दोन्ही तारे कोनाड्याकडे झुकलेले हवेत, एकमेकांच्या प्रतिबिंबासारखे.

मामा घमेल्यात प्लास्टर कालवत होते.

"मामा, थांबा."

"मी थांबेन, प्लास्टर कुठे थांबतंय, गणितबाई?"

आठ वर्षं ती मामांच्या कारखान्यासाठी नक्षी काढत होती. हा तारा तिला पहिल्यांदा दिसला तो आजोबांच्या पुस्तकाच्या चामडी बांधणीवर. मग लाकडी दारावर, गालिच्यावर, घुमटात, जिथे तिथे तोच. कागदावर काढायचं तिने, पण मांडणीच्या पाटावर बसायचं फक्त मामांनी. तिने विषय काढला की ते "बघू" म्हणायचे. त्या पाटासाठीच ती इथे चिकटून होती.

वाद न घालता तिने भिंतीवरचा आरसा काढला आणि दोन फळ्यांच्या मधे उभा धरला. आरशातला तारा उजवीकडे झुकला. आरशामागचा डावीकडेच.

मामांनी चष्मा वर केला, खाली केला. "दुसऱ्या फळीसाठी ट्रेसिंगचा कागद मी नेहमीसारखा उलटूनच ठेवला होता."

"दुसरा मीच उलटा काढून दिला होता, तुमचा खटाटोप वाचावा म्हणून. तुम्ही तो पुन्हा उलटलात, म्हणजे होता तसाच झाला. कोपऱ्यात लिहिलंय तसं."

"मुंगीच्या पायाने लिहितेस."

तिने कोपरा पाहिला. अक्षरं बोटाच्या पेराएवढी होती.

"मागच्या महिन्यातल्या सूचना तरी वाचल्यात का?"

"तीस वर्षांचा हात आहे. अंदाजाने कळतं."

तिने आरसा बाजूला ठेवला. "पहिली फळी बिनचूक आहे. तिच्यावर ओता."

मामांनी ओतलं. एक थेंब बाहेर सांडला नाही. मग ते दुसऱ्या फळीसमोर पाटावर बसले, एक पांढरा तुकडा उचलून डोळ्यांजवळ नेला, आणखी जवळ नेला आणि खाली ठेवला.

"तीन आठवडे गेले यात," ते म्हणाले.

"मला दोन पुरतील."

"तोंड बघा."

पण हसू त्यांनाच आवरलं नाही. गुडघ्यावर हात टेकून ते उठले, हात पुसले आणि पायाने पाट तिच्याकडे सरकवला.

"ही मोड आणि तूच मांड," मामा म्हणाले. "मिहराबही तूच मांडायचा. मी तुकडे हातात देत जाईन."