पाव मोडेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना पितळी तांब्या आहे आणि स्वभावाने जरा संशयी आहे. कासाराने मला ठोकून घडवलं, दोन बाजूंना दोन कान जोडले आणि हसून म्हणाला, "आता हा एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देणार!" पण मला सोडून देणं कधी जमलंच नाही.

एका ज्यू कुटुंबात, जेवणघराच्या दाराशी बेसिनजवळ मी असतो. सणाच्या जेवणाआधी सगळे अंगठ्या काढतात, माझ्यातलं पाणी आधी उजव्या, मग डाव्या हातावर ओततात आणि प्रार्थना पुटपुटतात. मग पावावरचा आशीर्वाद म्हणून झाल्यावर त्याचा घास खाईपर्यंत कुणी अवाक्षर काढत नाही.

नवी सून आल्यावर तिने मला लिंबू-मिठाने घासून आरशासारखं केलं. पाहुण्यांनी वाहवा केली. सासूबाई मात्र लेकीच्या कानात कुजबुजल्या, "एवढी गोड वागतेय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय गं."

त्या सणाला सासूबाईंनी आपल्या आईची अंगठी काढून बेसिनच्या कडेवर ठेवली, हात धुतले आणि तशाच जाऊन बसल्या. मागून सून आली. हात धुता धुता तिने चटकन मूठ मिटली. का, ते मलाही कळलं नाही.

टेबलाशी सासूबाईंचं लक्ष रिकाम्या बोटाकडे गेलं. त्यांनी बेसिनकडे पाहिलं, मग सुनेच्या मुठीकडे. सून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिने डोळ्यांनी खुणावलं. सासूबाईंना वाटलं, वर डोळे वटारतेय! बोलायची सोय नव्हती. सासरेबुवा एकेक पाहुणा बसेपर्यंत थांबले, सावकाश आशीर्वाद म्हणाले, पाव मोडला, मिठात बुडवून वाटला. तोवर सासूबाईंचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला होता.

घास तोंडात असतानाच त्या ओरडल्या, "चोरटी! माझी अंगठी टाक आधी!"

सुनेने मूठ उघडली. "आई, ती घरंगळून बेसिनच्या नळीत पडत होती. झेलली मी. बोलता येईना, म्हणून खूण केली."

सासूबाईंना जोराचा ठसका लागला. पाण्याचा पेला सुनेनेच पुढे केला.

पुढच्या सणाला सासूबाई तिला म्हणाल्या, "अगं, जरा अंगठी धरतेस का?"

"नको आई. तुमच्याजवळच राहू दे."

आवाज मऊच होता, पण ती दोन पावलं मागे सरली. सासूबाई मला हातात धरून नुसत्याच उभ्या राहिल्या. पाणी ओतायचं भान त्यांना राहिलं नाही.

हल्ली मला कुणी घासत नाही. मी काळवंडलोय. त्याचं फार काही नाही, कुणी मनावर घेतलं तर मी पुन्हा लखलखेन. पण मित्रांनो, शंका काय, माझ्यासारख्या तांब्यालाही येते. ती माणसाच्या अंगावर फेकण्याआधी निदान तोंडातला घास तरी गिळा.