सगुणाच्या पेटीचा तळ

"जिभेला लाव आधी, मेल्या! खारट लागला तर परत धू!"

हा सोनूबाईचा आवाज. मी अजून घडलोही नव्हतो तेव्हाचा, पण माझ्या अंगात मुरून बसलेला.

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. पूर्णगडचा रावजी चपलांची उरलेली कातरणं भिजवी, खाडीच्या चिखलात कुजवलेल्या नारळाच्या सोडणांचा काथ्या ठेची, दोन्ही उखळात एकजीव कांडून त्यात सरस घाली आणि जांभ्या दगडांखाली दाबून पुठ्ठे करी. काथ्या खाडीतला, म्हणून तो विहिरीच्या गोड्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुवावा लागे. शेवटचं पिळलेलं पाणी रावजीची आई, सोनूबाई, जिभेवर घेई. ती 'हां' म्हणाली, की मगच कांडण.

एकोणीसशे एकतीसच्या वैशाखात विहिरीने तळ गाठला. सोनूबाई तापाने अंथरुणावर. रावजीने काथ्या एकदाच बुचकळला. जिभेला काही लावलं नाही. त्या लगद्याचे दोन पुठ्ठे झाले, मी आणि माझा जुळा भाऊ.

मी रावजीच्या बहिणीच्या, सगुणाच्या, पेटीचा तळ झालो. भाऊ तिच्या नवऱ्याच्या, सदूच्या, बुटांत तळव्याखाली गेला. सदू मुंबईला बोटीवर खलाशी, म्हणून सगुणा माहेरीच राही.

"रावजी, हे बूट हायत की होडगी?" सदू पाय आपटत हसला.

"घाला तर खरे, भावोजी. जल्मभर टिकतील."

आषाढात आभाळ खाडीवर वाकलं, आणि मला घाम फुटला. अंगातलं मीठ हवेतली ओल ओढत राहिलं. एकेक थर सुटू लागला. मी घरात, छपराखाली. तिकडे ओल्या शिड्यांवर भावाचं काय होत असेल?

"दादा, पेटी घामेजते रे. लुगडी ओली होतात," सगुणा म्हणाली.

"हवाच तशी गो."

रावजीने मला हात लावला नाही. सदूला पत्रही धाडलं नाही.

श्रावणात तार आली. बोटीच्या शिडीवरून पडून सदू गेला होता.

"प्यायला असंल," विहिरीवर बायका बोलल्या. "शुद्धीतला मानूस शिडीवरनं पडतो काय?"

तेव्हापासून सगुणा भर दुपारी, कोणी नसताना, पाण्याला जाऊ लागली. तीन वर्षं. रावजीच्या कानांवर सगळं येत होतं.

मित्रांनो, वस्तू करताना एक धुणं चुकवलं, तर वस्तू लगेच बोलत नाही. ती थांबून राहते. म्हणून सांगतो, हात आखडू नका.

चौथ्या पावसाळ्यात सगुणाने मला उन्हाच्या तिरिपेत काढलं. माझे थर तिच्या हातात सुटून आले. तिने बोट माझ्यावर फिरवलं आणि आईसारखं जिभेला लावलं. मग उंबऱ्यावर बसलेल्या भावाकडे वळली.

"दादा, ह्याचं पाणी आयेनं चाखलं होतं?"

रावजीने मान खाली घातली.

"नाय गो. कुणीच नाय चाखलं. बूट पण ह्याच लगद्याचे." त्याने माझा एक सुटलेला थर तिच्या हातातून घेतला. "भावोजी प्यायलेले नव्हते, सगुणा. तळ सुटला. माझा तळ."