घरटी एक माणूस

मध्यंतराला बाळाजीशेठ रंगपटात शिरले आणि कल्पितानं आधी त्यांच्या मागे पाहिलं. देणगीदार मध्यंतरात आत येतो तो एक तर फोटो काढून घ्यायला, नाहीतर दिलेल्याची वसुली करायला. शेठच्या मागे फोटोवाला नव्हता.

रंगपट म्हणजे जुन्या भातगिरणीच्या गोदामाचा, दोन साड्या लावून आडोसा केलेला कोपरा. उघाडी नाट्यमंडळीचं सगळं असंच होतं. खाडीलगतच्या खारेपाटात भरतीचं पाणी अडवायला बांधाला झडपेचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. मंडळीला ते नाव कल्पितानंच दिलेलं. दिवसा ती पेणला औषधाच्या दुकानात बसायची आणि संध्याकाळी गावात येऊन नाटकं बसवायची. अनुदानासाठी तिनं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, हाती अर्जाची पोच तेवढी लागली. शेवटी तिनं गावालाच विचारलं. पूर्वी बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटून खाडी शेतात शिरली, की बांधावरून हाक यायची, "घरटी एक माणूस!" आणि प्रत्येक घरातून एक जण चिखल वाहायला धावायचा. कल्पितानं त्याच चालीवर मागितलं, घरटी एक खुर्ची. एकशे चौदा खुर्च्या आल्या, प्रत्येकीच्या पाठीवर घराचं नाव. लोक खेळाला येत ते आधी आपली खुर्ची शोधत, आणि तीत दुसरा कोणी बसलेला दिसला की नाटकाआधी एक नाटक होई.

बाळाजीशेठच्या घराची खुर्ची नव्हती. एवढ्या मोठ्या माणसानं एवढंसं द्यायचं म्हणजे काय! त्यांनी लाल मखमलीचा पडदा दिला, त्यावर हातभर अक्षरांत जरीचं नाव. शिवाय गोदामाचं गळकं छप्पर पावसाआधी बदलून द्यायचा शब्द दिला. छप्पर झालं नाही तर जूनमध्ये मंडळीला टाळं लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"पयला अंक बरा झाला," शेठ स्टूल ओढून बसत म्हणाले. "आता दुसऱ्यात गोदू डंपर-डंपर करते म्हनं. कंचा डंपर त्यो?"

"नाटकातला आहे, शेठ."

"मना शिकवू नको. या बाजूला बारा डंपर हायेत, बाराही माझे."

ते खरंच होतं. दोन वर्षांपूर्वी भरावाची माती वाहताना शेठचे डंपर बांधावरून गेले, बांध खचला आणि पुढच्याच उधाणाला खांड पडली. बांधाला लागून शेत असलेली गोदूआत्या बांधावर उभी राहून तीनदा ओरडली. कोणी आलं नाही. येणार कोण? निम्म्या घरांतली पोरं त्याच डंपरवर ड्रायव्हर. सगळे मूग गिळून घरात बसले आणि खारं पाणी भातात शिरलं. नाटक त्यावरच होतं. गोदूआत्याचं काम गोदूआत्याच करत होती, आणि शेवटी ती रिकाम्या बांधावरून तीन हाका मारायची. तिसऱ्या हाकेला पडदा.

"डंपर काढून टाक," शेठ म्हणाले, "आन् ती शेवटची हाक पन नको. गावाची बदनामी होते."

"आणि नाही काढलं तर?"

"मंग माझा पडदा मी घेऊन जातो. माझ्याच पडद्यापुढं माझी अब्रू काढता व्हय? आन् छपराचं पन इसर."

कल्पिताला राग आला तो शेठचा नव्हे, स्वतःचा. कारण 'डंपर'ऐवजी 'गाडी' म्हटलं तर चालेल का, याचा ती खरोखरच विचार करत होती. आठ वर्षांची मंडळी एका शब्दापायी बुडवायची का? तिनं गोदूआत्याकडे पाहिलं. आत्या आरशापुढे घामानं ओघळलेलं कुंकू पुसत होती.

"तू म्हनशील तर नाय बोलनार, पोरी," आत्या आरशातूनच म्हणाली. "पन मंग हाकेच्या जागी मी बोलू काय, त्यवढा सांग."

बाहेर खुर्च्या सरकू लागल्या होत्या. मध्यंतर संपत आलं होतं.

"निकेत," कल्पिता रंगमंच सांभाळणाऱ्या पोराला म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला, "शिडी आण. पडदा उतरवायचाय."

शेठ बघतच राहिले. ही पोरगी पाया पडेल, असा त्यांचा हिशेब होता. पण बोललेला शब्द आता त्यांनाही गिळता येईना.

भर प्रेक्षकांसमोर पडदा उतरला. घडी घालायला चौघे लागले. शेठच्या ड्रायव्हरनं तो उचलून बाहेर गाडीत नेऊन टाकला. रंगमंच उघडा पडला. पोत्यांचा बांध, मधली खांड, खाडीकाठच्या खाजणातून आणलेल्या खऱ्या चिखलाचं घमेलं, आणि पाण्याची बाटली तोंडाला लावलेली गोदूआत्या.

"चला बाबा," शेठ पहिल्या रांगेतल्या सोफ्याशी येऊन म्हणाले.

त्यांचे वडील अंबाजीबाबा सोफ्यावर काठी धरून बसले होते. ऐंशीच्या पुढचे, हयातभर बांधाची राखण केलेले. खांड पडली त्या दिवशी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पनवेलला होते. "खेल कुठं संपला?" ते म्हणाले. "तू जा. मी बघून येतो."

बापाला टाकून जाता येईना. शेठ दातओठ खात बसले.

दुसरा अंक सुरू झाला. कल्पिता विंगेत उभी होती. 'डंपर' शब्द आला तेव्हा गोदूआत्यानं तो जरासुद्धा दबक्या आवाजात म्हटला नाही. रांगांमधल्या कितीतरी माना खाली गेल्या. शेठ ताठ बसून होते. आता ते उठतील, ओरडतील, असं कल्पिताला दर वाक्याला वाटत होतं.

पडदा नाही म्हणून तिनं आत्याला बजावलं होतं, तिसऱ्या हाकेनंतर हलू नकोस, मी पुढं येऊन नमस्कार करीन.

"खांड परली! घरटी एक मानूस!"

पहिली हाक पत्र्यावर आपटून परत आली. दुसरीही. तिसऱ्या हाकेला आत्याचा आवाज फाटला. कल्पितानं पाऊल उचललं, तोच सोफा करकरला.

अंबाजीबाबा उठले होते.

"बाबा, नाटक हाय त्ये!" शेठनं त्यांचा सदरा धरला.

"ठावं हाय मना. सोर."

काठी टेकत म्हातारा तीन पायऱ्या चढून वर आला. कल्पिता जागच्या जागी थिजली. त्याला थांबवायचं की नाही, तिला कळेना.

"गोदू, त्या दिशी हाक तूच मारलीस ना?"

"व्हय, बाबा."

"कोन कोन आलं?"

हा प्रश्न नाटकात नव्हता. "कोनी नाय," आत्या म्हणाली.

"आमचे घरचा?"

आत्यानं शेठकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली, काठी पोत्यांना टेकून ठेवली आणि वाकून घमेल्याला हात घातला. घमेलं गुडघ्यापर्यंत आलं आणि हात थरथरायला लागले. शेठ धावत वर चढले, त्यांनी बापाचा दंड धरला. मग त्यांची नजर समोर गेली. सगळा गाव त्यांच्याकडे बघत होता.

"पडदा टाक गो!" ते विंगेकडे पाहून दबक्या आवाजात ओरडले. "टाक लवकर!"

कल्पिताचा हात सवयीनं दोरीकडे गेला, आणि मग तिला आठवलं. "शेठ," ती म्हणाली, "पडदा तुमच्या गाडीत आहे."

अंबाजीबाबांनी घमेलं मुलाच्या छातीशी नेऊन टेकवलं. "घरटी एक मानूस, बाला," ते म्हणाले. "मी आता म्हातारा झालो. आपले घरचा तू."

शेठनं घमेलं धरलं. पांढऱ्या सदऱ्यावरून चिखल ओघळला. त्यांनी एकदा पायऱ्यांकडे पाहिलं, एकदा खांडीकडे. गोदूआत्या जरा बाजूला सरकली आणि तिनं त्यांना खांडीकडे वाट करून दिली.