सात वेळा रंगवलेली गाडी

"बाबा, ही गाडी पूर्ण झाली तर काय होईल?"

प्रश्न धाकटीने विचारला, पण पैज तिच्या मैत्रिणींची होती. तिघी पलंगावर शाळेचा तक्ता रंगवत बसल्या होत्या आणि मघापासून कुजबुजत होत्या. "विचार ना! शाळेत तर माइक सोडत नाहीस, घरी आलीस की मांजर!" "विचारलंस तर आठवडाभर तुझ्या आकृत्या मी काढीन." धाकटीने हनुवटी वर केली आणि विचारून टाकलं. स्वयंपाकघरातला नळ एकदम बंद झाला. आईने कान टवकारले असणार, कारण चार वर्षांत या घरात हे कुणी विचारलं नव्हतं.

मित्रांनो, ती गाडी म्हणजे मी. एक जुनी, छोटीशी, प्लास्टिकची मोटार. खऱ्या मोटारीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी, चार दारांची, गोल दिव्यांची. आजवर मला सात वेळा रंगवलंय. अशी दुसरी मोटार जगात कुठे असेल तर मला जरूर भेटवा. आम्ही दोघी गळ्यात गळे घालून रडू.

मी घरात आले ती एका खोक्यातून, तुकड्यातुकड्यांनी. एकशे बारा तुकडे, प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले, प्रत्येकाला नंबर. खोकं आणलं धाकटीच्या दादाने. तो तेव्हा कॉलेजात होता. बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवतात, त्यामुळे घरात भिंग, चिमटे, बारीक कानशी यांना तोटा नव्हता. दर रविवारी सकाळी दोघं खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचे. दादा चौकटीतून तुकडा कापायचा, बाबा त्याची कड घासायचे. चहा गार व्हायचा, आई ओरडायची, दोघं एकदमच "हो, आलो" म्हणायचे आणि कुणीच उठायचं नाही.

काय लाड होते माझे! सीटवरची शिलाई दादाने दात कोरायच्या काडीने उमटवली. वेगाचा काटा बाबांनी दोन केसांच्या ब्रशने रंगवला. तळाला गालिचा हवा म्हणून आईच्या लोकरी शालीचा कोपरा कापून त्याची भुकटी केली आणि गोंदावर शिंपडली. शाल कुणी कुरतडली याची चौकशी आठवडाभर चालली. संशय उंदरावर गेला. पहिला रंग दादाने दिला, गडद निळा. बाबा भिंगातून बघून "झकास" म्हणाले. एवढंच. पण दादा दिवसभर शीळ घालत फिरला.

मग पुढची काच बसवायचा दिवस आला. बाबा दुकानातून यायच्या आत काम उरकावं म्हणून दादाने क्षणात चिकटणारा गोंद घेतला, काच लावली आणि लगेच छत बसवून टाकलं. त्या गोंदाची वाफ आत कोंडली की पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी साय धरते, हे त्याला ठाऊक नव्हतं. बाबा आले तेव्हा माझ्या डोळ्यात फूल पडल्यासारखं दिसत होतं. घरात काका-काकू आलेले.

"काचेला हा गोंद लावतात? अरे, माझा जन्म काचा बसवण्यात गेला! तुझ्या हातून एक काम धड होत नाही. कॉलेजचंही असंच वाटोळं करणार तू."

काकूंनी चहाच्या बशीवर मान खाली घातली. दादा कानापर्यंत लाल झाला. "मग करा तुम्हीच पूर्ण," म्हणाला आणि त्याच आठवड्यात बॅग भरून निघून गेला. आता तो चार तासांवरच्या शहरात एका छापखान्यात कामाला आहे.

मित्रांनो, सांगताना मलाच कसंतरी होतं. ती काच बाबांनी तो गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी अलगद काढून साफ केली. दुकानातली पेस्ट, एक मऊ फडकं, दहा मिनिटं. दहाच!

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. मी पूर्ण होत आले की बाबांना काहीतरी सापडतंच. रंगाखाली धुळीचा कण. दारावर केसाएवढा ओघळ. की लगेच रंग उतरवायच्या द्रावणाचा डबा उघडतो, मला त्यात बुडवतात आणि जुन्या दातांच्या ब्रशने खरवडतात. निळी, पांढरी, लाल, पुन्हा निळी. दर वेळी माझं थोडं थोडं जातं. दारांच्या फटी बुजल्या. कड्या घासून सपाट झाल्या. छत पेलणाऱ्या पुढच्या खांबाला चीर गेली. शेजारी म्हणतात, "काय चिकाटी आहे हो तुमची!" चिकाटी? मला विचारा. आई गॅलरीत दादाशी फोनवर बोलते तेव्हा बाबा माझी चाकं उगाच फिरवत बसतात. कान मात्र गॅलरीत असतात. "मला दे" असं एकदाही म्हणाले नाहीत.

आज सातव्या रंगातही त्यांना कण सापडला होता. डब्याचं झाकण उघडलेलं, मी त्यांच्या चिमटीत, आणि नेमका तेव्हाच धाकटीचा तो प्रश्न.

"पूर्ण झाली," बाबा माझ्याकडेच बघत म्हणाले, "तर त्याला परत यायला निमित्त काय उरलं?"

मैत्रिणींनी गुपचूप रंग गोळा केले आणि चपला घातल्या. मला वाटलं, एवढं बोलल्यावर तरी बाबा मला खाली ठेवतील. नाही ठेवलं. हाताला सवय लागली की तो माणसाला विचारत नाही. त्यांनी मला डब्यात सोडलं, ब्रश फिरवला आणि कट् झालं. खांब तुटला. छत एका अंगाला कललं. मला बाहेर काढून बाबांनी तो खांब भिंगाखाली धरला. त्याचे तीन तुकडे झाले होते. आता मला कुठलाच रंग लागणार नाही.

मित्रांनो, मोडक्या मोटारीचं कोण ऐकतं? तरी सांगते. वस्तू जपा, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. पण जपता जपता तिला इतकं घासू नका की तिचे नाकडोळे जातील. आणि कुणाची वाट बघत असाल तर त्याला तसं कळू तरी द्या. चार वर्षं या टेबलावर दादाची वाट बघणं चाललं होतं आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

धाकटी उठली. आईला हात धरून स्वयंपाकघरातून बाहेर आणलं, बाबांच्या समोर बसवलं. आणि एका दमात बोलून टाकलं.

"आई, बाबा, मी शनिवारी दादाकडे जाणार आहे. विचारत नाहीये, सांगतेय. सकाळची बस आहे. तो दार उघडेल की नाही, मला माहीत नाही. पण तुमचं चुकलं होतं, बाबा, हे मी त्याला सांगणार. तुम्हाला स्वतः सांगायचं असेल तर माझ्याबरोबर चला."