चार बोटं उघडं दार

आबांची हार्ड डिस्क कटकट वाजू लागली तेव्हा आबा अजिबात डगमगले नाहीत. बॅकअप घेतला होता ना! एक सोडून तीन: ‘बॅकअप’, ‘बॅकअप नवा’ आणि ‘बॅकअप खरा’. ते कुठे आहेत असं लेकीने विचारलं, तर त्यांनी ऐटीत त्याच डिस्ककडे बोट दाखवलं. कपाटाची किल्ली हरवू नये म्हणून कपाटातच ठेवणारा हा माणूस. लेकीने कपाळावर हात मारला.

दुसरं काही गेलं असतं तर आबांनी हूं की चूं केलं नसतं. पण गेल्या वर्षी वारलेल्या बायकोचा आवाज त्या डिस्कवर होता, आणि दुसरीकडे कुठेच नव्हता. ती काम करताना गुणगुणायची. समोर फोन धरला की गप्प. म्हणून आबा फ्रिज उघडून काहीतरी शोधल्यासारखे उभे राहायचे आणि चोरून रेकॉर्ड करायचे. पुढे फोनमध्ये जागा हवी म्हणून सगळं डिस्कवर टाकलं आणि फोन पुसून लख्ख केला. शहाणपणा नडला तो असा.

दुरुस्तीवाल्याने डिस्कला कान लावला, चेहरा पाडला आणि आशा सोडा म्हणाला. आबा त्याचा हात सोडेनात. शेवटी कंटाळून त्याने एक अघोरी उपाय सांगितला, खात्री शून्य: पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवा, गार असेपर्यंत चालली तर चालली.

लोक देव पाण्यात घालून बसतात, आबा डिस्क फ्रिजमध्ये घालून बसले. वायर बाहेर लॅपटॉपला जोडलेली, म्हणून दार चार बोटं उघडं आणि फटीत लाकडी चमचा. शेजारीण फळं घेऊन आली, दबक्या आवाजात डिस्कची तब्येत विचारून गेली. फळं फ्रिजमध्ये ठेवायला मात्र बंदी होती.

आणि डिस्क चालली की हो. पहिली फाइल उतरली, दुसरी सुरू झाली. नीट उतरली का बघावं म्हणून लेकीने पहिली लावली. भांड्यांचा आवाज आला, मग गुणगुण. मग गुणगुण थांबली.

“अहो, किती वेळ उघडं ठेवून उभे राहणार? लावा ते दार.”

आबा ताडकन उठले. जन्माची सवय ती. “लावतो गं,” म्हणाले, चमचा काढला आणि दार धाडकन लावलं. वायर उपटली गेली. आत डिस्क एकदा कट्ट झाली आणि कायमची गप्प बसली.

बाकी सगळी गाणी गेली. आबा लहान मुलासारखे रडले. उरली ती एवढी एकच फाइल. ती आता लेकीकडे आहे, शेजारणीकडे आहे, दुरुस्तीवाल्याच्या दुकानातही आहे. आबांना अक्कल आली, पण उशिरा.

घरात कुणी नसलं की आबा फ्रिज सताड उघडतात, फाइल लावतात आणि उगाच काहीतरी शोधत उभे राहतात. ती ओरडली की निमूट दार लावतात.