कोणाचंच नाव नाही

कागदाच्या गिरणीत नणंद-भावजय एकाच टेबलावर ताव तपासायच्या. फाटका, डागाळलेला बाजूला, चांगला गठ्ठ्यात. घरी मात्र दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. भाजीत मीठ कमी पडलं तरी जुंपायची.

जुनं यंत्र बंद होऊन नवं येणार, माणसं कमी होणार, असं कानावर येत होतं. एक दिवस साहेबांनी दोघींना बोलावलं.

"एका घरात एकच नोकरी राहील. कोणाची, ते उद्यापर्यंत तुम्हीच ठरवा. आम्हाला वाईटपणा नको."

संध्याकाळी भावजयीचा नवरा हळूच म्हणाला, "ताईलाच सोडू दे. तिचा एकटा जीव, कसंही भागेल."

बाहेर नणंद कपडे वाळत घालत होती. तिचे हात थांबलेले भावजयीनं खिडकीतून पाहिले.

"माझ्या तोंडून ते निघायचं नाही," ती मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. "वन्सं डोकं खातात ते माझं खातात. साहेबाच्या का पोटात दुखतं?"

सकाळी साहेबांसमोर नणंद खालमानेनं पुटपुटली, "माझंच नाव..."

"वन्सं, गप्प बसा!" इतक्या वर्षांत घराबाहेर भावजय तिच्यावर प्रथमच खेकसली. मग साहेबांकडे वळली. "आम्ही कोणाचंच नाव देणार नाही. सुरी तुमची, चालवायचीही तुम्हीच."

जेवणाच्या सुट्टीत ही गोष्ट गिरणीभर झाली. बॉयलरवरच्या बापलेकांनी नाव दिलं नाही, लगदा ढवळणाऱ्या भावांनीही नाही. शेवटी साहेबांनाच खाली येऊन नावं वाचावी लागली. त्यात नणंदेचं नाव होतं. भावजयीनं हातातला ताव ठेवला आणि जमिनीवर बसकण मारली. बघता बघता सगळी गिरणी खाली बसली. यंत्रांची घरघर थांबली.

बसणं आठवडाभर चाललं. बरीच माणसं नव्या यंत्रावर घ्यावी लागली, बाकीची गेलीच. नणंद गेली.

शेवटच्या दिवशी तिला मागच्या दारानं जायला सांगितलं. ती पुढच्या फाटकाकडे चालू लागली. भावजय टेबल सोडून तिच्याबरोबर निघाली.

"कामाच्या वेळेत कुठे?" मुकादम ओरडला.

"वन्संना पोचवायला. कापा पगार!"

वाटेत लोक उभे राहत गेले. फाटकाशी नणंद थबकली, डोळे पुसले आणि म्हणाली, "पदर नीट घे गं, साहेब बघतोय."

"बघू दे," भावजय म्हणाली, आणि पदर तसाच लोंबकळत ठेवून तिनं फाटक सताड उघडलं.