सोपानरावाचा महिषासुर

निघोज्यातल्या देवीच्या देवळाची भिंत चिमाजीच्या बापानं रंगवलेली. गेरू, हळद, काजळी. एका बाजूला वळलेली तोंडं आणि हे मोठाले डोळे. देवी काय नि राक्षस काय, चेहरा एकच. पण सरपंच सोपानरावाला पिंपरीच्या कंपनीतून फुकट येणाऱ्या कॅलेंडरांचं वेड लागलं.

"पोरं हसत्यात ह्या चित्रांना. देवी कशी, हुबेहूब दिसाया पायजे!" म्हणाला आणि अख्ख्या भिंतीला चुना फासून मोकळा झाला. बापानं हाय खाल्ली आणि त्याच साली गेला. त्याची देवी आता एकट्या चिमाजीच्या हातात उरली होती.

चिमाजीनं डूख धरला. पिंपरीत एका बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरच्या हाताखाली राहून सावली कशी पाडायची, गालफाड कसं उठवायचं, सगळं शिकला. घरी सराव एकाच तोंडाचा, सोपानरावाच्या. बायको अंबूबाई वैतागली, पण हा वर्षानुवर्षं तेच तोंड घोटत राहिला. मग एक दिवस हात जोडून सरपंचाकडे गेला आणि देवळाची भिंत मागितली.

"आत्ता कसा शाना झालास!" सोपानराव हरखला. मेल्याला काय ठाऊक!

चित्राचे डोळे सगळ्यात शेवटी काढायचे, आणि डोळे उघडले की चित्राचा देव होतो, मग ते कुणी पुसायचं नाही, ही जुनी रीत. चिमाजीनं पडद्याआड आधी देवीचे डोळे उघडले, मग राक्षसाचं तोंड रंगवलं. घटस्थापनेला पडदा सरकला. देवीच्या पायाखाली जीभ काढून सोपानराव पडला होता, गालावरच्या चामखिळीसकट. गाव खो खो हसलं.

"चुना आना!" सोपानराव किंचाळला.

गावातली म्हातारी शालनबाई बायकांना घेऊन भिंतीपुढं आडवी बसली. "देवीचं डोळं उघडल्यात. मागं चुना फासलास तवा हिरी आटल्या. आता न्हाई."

सोपानरावाची सख्खी आई, सुभद्राबाई, ओटी भरायला वाकली. तिनं मूठभर कुंकू देवीच्या पायावर वाहिलं, ते चित्रातल्या लेकाच्या नरड्यावर सांडलं. चिमाजीच्या जिवाला गार गार वाटलं.

त्याच उमेदीत घरी येऊन त्यानं गेरू कालवला. बापाची देवी आता आपल्या भिंतीवर काढायची होती. पण डोळा काढला की खाली सावली पडे, गाल आपोआप वर येई. त्यानं पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. हाताला दुसरं काही सुचेचना.

अंबूबाई मागं येऊन उभी राहिली.

"अवो," ती म्हणाली, "ह्यो बी सोपानरावच दिसतोय की."